तान्दुंगनं वाचलेलं पुस्तक

आमच्या तान्दुंग गावात घराघरांत एकच पुस्तक आहे. ते बघायचं असेल तर शिडी लावावी लागते. छपराखालच्या फळीवर, कुराणापासून एक वीत खाली, पांढऱ्या कापडात गुंडाळून ते ठेवलेलं असतं. कापड माझंच आहे. मी इथे तीस वर्षं कपडे शिवते, आणि ज्या घरानं मागितलं त्याला उरलेल्या पांढऱ्यातला तुकडा दिला. गाठी मारल्या त्या दिवसापासून ते कापड कुणी सोडलेलं नाही. लोकांना वाटतं, हा मान आहे. सुबैदाला विचारलंत तर ती काहीच बोलणार नाही. ती आता बोलतच नाही फारशी. म्हणून मी लिहिते आहे. मला अक्षर बरं आहे, आणि या प्रकरणात माझा हात किती काळा आहे ते मला कुणी सांगायची गरज नाही.

सुबैदा आणि मी एकाच वर्षी जन्मलो, दोन घरं सोडून. तिचा बाप समुद्रापलीकडे तवाऊला लाकडाच्या कामावर गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तिच्या आईला पाचवा महिना होता. सहा महिन्यांनी येतो म्हणून गेला. दोनच महिन्यांत पत्र आलं. त्या काळी गावात वाचता येणारा माणूस एकच, पुआ बद्दू, होड्यांचा हिशेब ठेवणारा. कुणाचंही पत्र आलं की त्याच्या ओट्यावर न्यायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. त्यानं पत्र उघडलं, घसा साफ केला आणि वाचलं, 'तब्येत बरी आहे. काम फार आहे. हंगाम संपला की येतो, पोरांना सांभाळ.' आईनं ते पत्र बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि सहा वर्षं वाट पाहिली. हंगाम संपायचा, ती नवी लुंगी विणून ठेवायची, पुढच्या वर्षी ती विकायची आणि परत नवी विणायला घ्यायची.

सुबैदा चौथीत गेली तेव्हा तिनं एका दुपारी तो डबा उघडला. पत्रात लिहिलं होतं, 'मी इथे दुसरं घर केलं आहे. माझी वाट बघू नकोस. तू मोकळी आहेस.' तिनं ते मोठ्यानं वाचलं, आईसमोर, मागासमोर. मूर्ख पोर, नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय कुठे थांबायचं ते. आईनं हातातला धोटा खाली ठेवला आणि म्हणाली, "ठेव परत डब्यात."

सुबैदा तशीच पुआ बद्दूच्या ओट्यावर गेली. मी तिच्या मागे होते. ती म्हणाली, "तुम्ही खोटं वाचलंत."

म्हातारा बराच वेळ जाळ्याच्या गाठी बघत बसला. मग म्हणाला, "तुझी आई सातव्या महिन्यात होती, पोरी. तू असतीस तर काय वाचलं असतंस?"

"लिहिलंय ते," ती म्हणाली.

तो मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. मयताला सगळं गाव गेलं, ही गेली नाही. लोकांनी नावं ठेवली. पण तिच्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते बसलं: या गावात कुणालाही आपलं पत्र दुसऱ्याच्या तोंडापुढे धरावं लागता कामा नये. बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही. मावशीकडे माजेने शहरात राहून शिकली, परत आली, लग्न झालं, नवरा समुद्रात गेला तो गेला, मूल नाही. गावच्या शाळेत अठरा वर्षं हंगामी मास्तरीण. कायम करू म्हणणारे साहेब आले आणि निवृत्त होऊन गेले, ही हंगामीच राहिली. शाळेत तीन वर्गांना मिळून एक खोली. पोरं फळ्यावरचं वहीत उतरवायची, सुंदर उतरवायची, आणि काय उतरवलं विचारलं तर हसायची.

पुस्तकांसाठी तिनं किती अर्ज केले त्याची मोजदाद नाही. वाचनालयं, संस्था, कुणी कुणी. शेवटी एक दिवस टेम्पोतून दोन खोकी आली. आम्ही दोघींनी माझ्याच कात्रीनं दोऱ्या कापल्या. आत साठ पुस्तकं, आणि साठही एकच. बत्तीस पानांचं, कासवाच्या गोष्टीचं. कुठल्या तरी छापखान्यात पडून राहिलेला माल असणार. मी हसत सुटले. म्हटलं, "घे, साठ कासवं आली. आता अंडी घालतील."

ती हसली नाही. एक प्रत घेऊन दारात बसली आणि वाचून संपवली. मग माझं नाव घेऊन म्हणाली, "जवा, एकच आहे ते बरंय. सगळं गाव एकच पुस्तक वाचेल."

तिचं म्हणणं असं होतं. रोज दुपारच्या नमाजानंतर, ऊन उतरत आलं की, खांबांवर उभ्या प्रत्येक घराखाली, जिथे आमचे माग आणि जाळी असतात तिथे, घरातल्या मुलानं एक पान मोठ्यानं वाचायचं. घरातल्यांनी ऐकायचं. आठवडाभर तेच पान, म्हणजे अक्षर पक्कं होईल. ऐकलं की घरातल्या मोठ्यानं कार्डावर अंगठा उठवायचा. कार्डं गोळा करायचं काम माझं. इमामसाहेबांना तिनं गळ घातली, आणि ते शुक्रवारी खुतबा, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, झाल्यावर सांगू लागले, "या आठवड्यात गाव तिसऱ्या पानावर आहे." पहिले काही आठवडे काय बहार होती. दुपारी गल्लीतून चालत गेलं की एका घराखालून दुसऱ्या घराखाली तेच वाक्य ऐकू यायचं, 'एक होतं कासव. त्याला आपला किनारा सापडत नव्हता.' होडीवरचे लोकसुद्धा उशीर झालेल्याला म्हणायचे, "काय रे कासवा, सापडला का किनारा?" सुबैदा तेव्हा इतकी खूश असायची की मला तिच्याकडे बघवत नसे. आनंदाची सवय नसलेल्या माणसाचा आनंद बघवत नाही.

पण नव्याचे नऊ दिवस. पाचव्या पानावर गाव अडकलं. कार्डं कोरी येऊ लागली. आया म्हणायच्या, "मासळी वाळत घालायची की कासव ऐकायचं?" आणि तेव्हा मी, या माझ्या तोंडानं, म्हटलं, "घोडा लाव."

आमच्याकडे मूल कुराणाचा खतम करतं, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पूर्ण करतं, तेव्हा त्याला सजवून नाचऱ्या घोड्यावर बसवतात. डफ वाजतात, घोडा तालावर मान आणि पाय टाकतो, दोन्ही बाजूंनी बाप्ये मुलाला धरतात, आणि कवनं म्हणणारे पुढे उभे राहून चार चार ओळींत त्याची तारीफ करतात, टिंगलही करतात. त्या एका दिवसासाठी बाप वर्षभर राबतो. आमच्या पोरांना स्वप्नं पडतात ती घोड्याची. मी म्हटलं, "जो पुस्तक खतम करेल तो घोड्यावर. बघ कशी वाचतात."

मला वाटलं होतं इमामसाहेब नाही म्हणतील. ते दाढी खाजवत म्हणाले, "कुराणाच्या दिवशी नको. दुसरा दिवस धरा. बाकी वाचायला शिकणं हे पुण्याचंच काम आहे, आणि घोड्याला काय, तो तालावर नाचतो." मग सुबैदाला म्हणाले, "पण बाई, मी खतमच्या आधी मुलाला मधलंच पान काढून देतो. कुठूनही. तुम्हीही देत जा." सुबैदानं मान डोलावली. त्रेचाळीस मुलं होती. पुढे खतमची वेळ आली तेव्हा तिला वाटलं, आठ महिने घरोघरी अंगठे उठतायत, मधलं पान काढून संशय कशाला दाखवायचा?

या सगळ्यात तिचा जीव अडकला होता तो मशितात. मशिता बारा वर्षांची, रुस्दिन मासेमाराची मुलगी, आमच्या समोरच्या घरातली. तल्लख, बडबडी, एकदा ऐकलेलं विसरायची नाही. तिच्या आईची चुलतबहीण तवाऊला घरकामं करायची आणि दर ईदला येऊन एखाद्या मुलीला सोबत न्यायची. त्या वर्षी मशिताची पाळी होती. सुबैदा रुस्दिनच्या होडीपाशी जाऊन उभी राहिली. मी टोपली घेऊन मासे घ्यायच्या निमित्तानं तिथेच होते.

"तिला माजेनेच्या शाळेत घालते," सुबैदा म्हणाली. "माझ्या मावसबहिणीकडे राहील. खायचं मी बघते."

"बाई, ती सहावीत आहे आणि मला पावती वाचून दाखवता येत नाही तिला," रुस्दिन म्हणाला. तो वाईट माणूस नाही. दमलेला माणूस आहे. "पैसे बुडवायचे तर समुद्र आहे की."

"वाचायला लागली तर?"

तो थोडा वेळ दोर गुंडाळत राहिला. "कासवाचं पुस्तक खतम करून घोड्यावर बसली तर शाळा. गावासमोर बसली तर. मग मी बोलणार नाही. नाहीतर ईदनंतर मावशीबरोबर."

"बसेल," सुबैदा म्हणाली.

घोडा जाहीर झाला आणि गाव पेटलं. कार्डं भरून वाहू लागली. आठवड्याला एक पान होतं, त्याची दोन झाली, चार झाली. माझ्याकडे पोशाखांची रांग लागली, मुलींचे लाल, मुलांचे पांढरे. मशिताचं माप घेत होते तेव्हा ती दोन्ही हात पसरून उभी होती आणि तोंडानं अख्खं पुस्तक म्हणत होती, खेकडा, बगळा, कंदील, सगळं. मी म्हटलं, "पाठ केलंस की गं." ती म्हणाली, "मग काय तर. सालिहा आजी शिकवते."

सालिहा आजी आंधळी आहे. वीस वर्षं झाली. गावात सगळ्यात जास्त कवनं तिला येतात. एकदा कानावर पडलं की तिच्यात ते उतरतं. कुणा शिकलेल्या नातवानं तिला ते पुस्तक दोनदा वाचून दाखवलं होतं. मी पोशाख द्यायला तिच्या घरावरून गेले तेव्हा बघितलं, आजी मागाला टेकून बसलेली, समोर नऊ पोरं मांडीवर पुस्तक उघडून. आजी एक ओळ म्हणायची, पोरं मागून म्हणायची. ओळी संपल्या की आजी टाळी वाजवायची आणि नऊही पोरं एकदम पान उलटायची. आजूबाजूच्या घरांतूनही तेच चाललं होतं. कुणाला आजीकडून आलं, कुणाला आजीकडून आलेल्याकडून. आमच्या गावात सगळं असंच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात येत आलंय, कवनं, भरती-ओहोटी, ताऱ्यांची नावं. ज्याला बिनचूक म्हणता येतं त्याला येतं, असंच आम्ही धरतो. फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. अंगठे उठवणाऱ्या आईबापांना खरंच वाटत होतं की आपलं लेकरू वाचतंय.

मला मात्र कळलं होतं. मी सहावी शिकलेली बाई आहे, मला वाचणं आणि म्हणणं यातला फरक कळतो. मी तिथे उभी राहून हसले, पोशाख दिला आणि घरी आले. सुबैदाला सांगितलं नाही. का, ते मी स्वतःला शंभरदा विचारलंय. अजून तेवीस पोशाख व्हायचे होते. गाव आनंदात होतं. ती आनंदात होती. एवढंच आहे.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळपासून मशिदीच्या ओसरीवर एकेक मूल येऊन सुबैदासमोर शेवटचं वाचन करत होतं. घोडे आले होते, अकरा, बांधावर बांधलेले. बायकांनी चिकट तांदूळ भिजत घातला होता, केळीच्या खुंटाला खोचायची अंडी रंगवून झाली होती. मशिता सव्विसावी. कडक आवाज, कुठे अडखळणं नाही. लोक कौतुकानं बघत होते. रुस्दिन खांबाला टेकून उभा होता, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा लेकीकडे तसं बघताना पाहिलं.

साठ प्रतींत एक प्रत खराब निघाली होती. बांधताना तिच्यातली तेरा ते सोळा पानं राहूनच गेली होती. सुबैदानं ती बाजूला ठेवली होती, कोपऱ्यावर शाईचा ठिपका देऊन. कुणाच्या तरी धांदलीत ती वाटली गेली आणि मशिताच्या घरी पोचली. त्या दिवशी मशिताच्या हातात तीच होती. बारावं पान संपलं. तिनं पान उलटलं, पुढे होतं सतरावं, आणि ती म्हणत राहिली, 'मग कासवाला खेकडा भेटला. खेकडा म्हणाला, मी आडवा चालतो, मला सरळ वाट काय माहीत?' चार पानं तिनं नसलेलीच वाचली. बोटही ओळींवरून फिरवत होती.

मी सुबैदाच्या मागेच बसले होते कार्डं घेऊन. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. मान हलली नाही. मशितानं शेवटचं पान मिटलं, सगळ्यांनी अल्लाचं नाव घेतलं, आणि सुबैदानं तिच्या कार्डावर सही केली. उरलेल्या सतरांचंही तिनं ऐकलं. प्रत्येकाच्या पुस्तकाकडे न बघता, नुसतं समोर बघत.

संध्याकाळी ती माझ्या यंत्रापाशी येऊन उभी राहिली. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

वाटलं होतं, ओरडेल. ती स्टुलावर बसली. "किती जणांना येतं खरं?"

"पाच-सहा. ज्यांना आधीपासून येत होतं."

"उद्या थांबवलं तर?"

"तांदूळ भिजलेत," मी म्हटलं. अशा वेळी माझ्या तोंडून असलंच काही निघतं.

"तांदूळ मरू देत. उद्या थांबवलं तर मशिता गेली." तिनं माझ्या टेबलावरच्या खडूचा तुकडा उचलून बोटात फिरवला. "शाळेत घालायला दोन महिने आहेत. दोन महिन्यांत शिकवते मी तिला. दोन महिने पुष्कळ झाले. हो की नाही, जवा?"

मी म्हटलं, पुष्कळ झाले.

मिरवणूक निघाली. तशी मिरवणूक तान्दुंगनं पाहिली नव्हती. अकरा घोडे, त्रेचाळीस मुलं, पाळीपाळीनं. डफवाले घामानं भिजलेले. मशिता लाल पोशाखात, एक गुडघा वर घेऊन, दागिन्यांखाली मान ताठ. कवनवाला तिच्यापुढे हात नाचवत म्हणाला,

"कासवापाठी कोण निघाली,
रुस्दिनची ही पोर शहाणी.
नवऱ्या मुला, तू जपून राहा रे,
चिठ्ठी तुझी ती वाचेल राणी."

लोक हसून लोळले. मशिता लाजली. सुबैदा घोड्यामागे चालत होती, चपला हातात घेऊन, आणि जो भेटेल तो तिला म्हणत होता, "बाई, गावाचं भलं केलंत." रुस्दिननं तर भर रस्त्यात तिचा हात धरून कपाळाला लावला. त्या वेळचं तिचं तोंड मी विसरू शकत नाही. थोबाडीत बसल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुबैदा घरोघरी निघाली. म्हणे, "पुस्तक काढा, आता परत पहिल्या पानापासून, हळूहळू." पुस्तकं फळीवर गेली होती. खतम झालेल्या वस्तूला असं ठेवायचं असतं, कापडात, उंचावर. बायका तिला बसायला पाट द्यायच्या, केळं द्यायच्या, आणि समजुतीनं सांगायच्या, "बाई, ते झालं ना आता. झालेल्याला परत कशाला हात लावायचा?" एका घरी तिनं स्वतः शिडी चढायचा प्रयत्न केला तर घरमालकानं शिडीच बाजूला घेतली. रागानं नव्हे. त्याला ते अपमान केल्यासारखं वाटलं, पुस्तकाचा. वरातीमागून घोडं म्हणतात तसं तिचं झालं. गावाला वाचायला शिकवायचं म्हणून तिनं आठ महिने घातले आणि गावानं वाचनाला मखरात बसवून दार लावून घेतलं.

राहिली मशिता. तिला सुबैदा रोज दुपारी घरी बोलवायची. मी शिवण घेऊन तिथेच बसायचे; दुसरं काय करू शकत होते? पोर मन लावून बसायची. पण तिची स्मरणशक्ती तिच्या आड येत होती. सुबैदानं नवी ओळ लिहून एकदा वाचून दाखवली की पोरीला ती पाठ. बोट ठेवून विचारलं, हा शब्द कोणता, तर ती मनात ओळ पहिल्यापासून म्हणून मोजत यायची आणि बरोबर सांगायची. शब्द सुटा करून दुसऱ्या कागदावर लिहिला की नुसती बघत राहायची. "बाई, तुम्ही एकदा म्हणा ना, मग मला येईल." हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडा पालथाही नव्हता. घडा आधीच काठोकाठ भरलेला होता.

दोन महिन्यांत तिला एक गोष्ट खरी आली. स्वतःचं नाव लिहिता आलं. सुबैदानं तिच्या हातावर हात ठेवून, वाळूत, पाटीवर, कागदावर गिरवून घेतलं. पहिलं अक्षर पोर फार मोठं काढायची, डोंगरासारखं, आणि शेवटच्याची शेपटी खाली ओढून बाहेर न्यायची. सुबैदा म्हणायची, "शेपटी कशाला गं?" ती म्हणायची, "छान दिसते म्हणून."

माजेनेच्या शाळेत आम्ही चौघं गेलो, सुबैदा, मी, रुस्दिन आणि मशिता. रुस्दिननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुख्याध्यापक चांगले होते, चष्मेवाले. त्यांनी सहज म्हणून भिंतीवरचा एक कागद काढून मशितासमोर ठेवला, वाचनालयाच्या वेळा वगैरे होत्या त्यात. "वाच बाळ, घाबरू नकोस."

तिनं कागदाकडे बघितलं. मग सुबैदाकडे. मग बोट पहिल्या ओळीखाली ठेवून हलक्या आवाजात सुरू केलं, "एक होतं कासव. त्याला आपला किनारा सापडत नव्हता."

कुणी तिला थांबवलं नाही. ती दुसऱ्या पानापर्यंत गेली आणि मग आपणच थांबली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आणा." रुस्दिननं लेकीचा हात धरला आणि बाहेर आला.

बाहेर झाडाखाली तो सुबैदाला म्हणाला, "तुम्ही ऐकलं होतं ना तिचं? त्या दिवशी मशिदीत?"

"ऐकलं होतं."

"तेव्हा कळलं होतं?"

"कळलं होतं."

त्यानं मान हलवली, जसं बाजारात भाव पटला नाही की हलवतात. "मी तुमचा हात कपाळाला लावला, बाई," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ईदनंतर मशिता मावशीबरोबर तवाऊला गेली. सुबैदा बंदरावर आली नाही. पुढच्या वर्षी तिनं इमामसाहेबांपाशी नव्या पुस्तकाचा विषय काढला, आणि त्यांच्यासमोर बसलेला एक जण मनापासून म्हणाला, "बाई, आमच्या गावाचं पुस्तक झालंय की." त्यानंतर तिनं विषय काढला नाही. शाळेत जाते, फळ्यावर लिहिते, पोरं सुंदर उतरवतात.

मशिता फोनवर आवाज पाठवायची. सगळे आता तेच करतात, लिहायला लागतच नाही. आईला पाठवायची, कधी सुबैदालाही, 'बाई, इथे लिफ्ट आहे, इथे मांजर आहे.' या वर्षी, पंधराची झाली तेव्हा, मावशीनं तिला एका घरी कामाला लावलं. गेल्या मंगळवारी मी सुबैदाकडे बसले होते, तेव्हा फोन वाजला. आधी फोटो आला, छापलेल्या कागदाचा. मागून आवाज आला, बारीक, घाईतला: "बाई, हा कागद मला दिलाय, काल सही केली मी. यात काय लिहिलंय? वाईट काही नाही ना? लवकर सांगा, फोन मालकीणबाई ठेवून घेणारेत."

सुबैदानं चष्मा लावला. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. दोघींची नजर आधी खालीच गेली. सही होती. पहिलं अक्षर डोंगरासारखं मोठं, शेवटच्याची शेपटी बाहेर ओढलेली. अंगठा नव्हता.

मग आम्ही वरून वाचलं. तिचं नाव, वय वर्षं एकवीस. चार वर्षं घर सोडायचं नाही. पासपोर्ट मालकाकडे. फोन आठवड्यातून एकदा, मालकासमोर. आधी गेली तर आणल्याचा सगळा खर्च तिच्या बापाकडून वसूल. मुलीला सगळं वाचून दाखवलं आहे आणि तिला ते मान्य आहे.

सुबैदानं तो कागद दोनदा वाचला. मला वाटतं, तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा एक ओटा असणार आणि जाळ्याच्या गाठी बघत बसलेला एक म्हातारा. मग तिनं फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबून ठेवलं, घसा साफ केला.

"मशिता," ती म्हणाली, "वाचते हं. लिहिलंय, मुलीनं नीट काम करावं, वेळेवर जेवावं, तब्येत सांभाळावी. काम झालं की घरी जावं. वाईट काही नाही."

तिनं बटण सोडलं. आवाज गेला. लगेच उत्तर आलं, "बरं झालं बाई, मी घाबरले होते."

सुबैदानं फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मीही तो कागद वाचला होता, शब्दन् शब्द. मी या वेळीही गप्प बसले.